भाऊ, कॅमेरा सोडू नका, पण आधी त्या आईला एक मेसेज करा

या आठवड्याचं पत्र एका वडिलांचं आहे. थोडं छोटं करून देते, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई नमस्कार. मी दक्षिण नागपुरात राहतो, वय ४२, मोटर वायंडिंगचं दुकान आहे. मुलगी ११ वर्षांची अन् मुलगा ८ चा, दोघंही जवळच्या एका ॲथलेटिक्स क्लबमध्ये जातात. मला पहिल्यापासून फोटोचा नाद. चार वर्षांपासून क्लबच्या सगळ्या स्पर्धांचे फोटो मीच काढतो, एक रुपया घेत नाही, मोठी लेन्स घेतली ती पण स्वतःच्या पैशानी. फोटो क्लबच्या फेसबुक पेजवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, ग्रुपमध्ये १४० लोक आहेत. कोण पहिला आला, कोणत्या शाळेचा, हे पण लिहितो, पोरांना बरं वाटतं. मागच्या महिन्यात एका आईनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, 'माझ्या मुलीचे फोटो कोणाला विचारून टाकता?' कोणी काही बोललं नाही. क्लबचे सर म्हणाले, काही दिवस कॅमेरा आणू नका. ताई, त्या रात्री मला झोप नाही आली. मी दोन लेकरांचा बाप आहे, लोकांना मी तसा माणूस वाटतो का? बायको म्हणते सोडून द्या, काहून लोकांच्या भानगडीत पडता. माझी मुलगी तर म्हणे, बाबा, माझा पण तो लाँग जंपचा फोटो काढून टाका. माझं चुकलं काय ते तरी सांगा."

भाऊ, आधी तुमच्या मनाला लागलं त्याबद्दल बोलते, नाहीतर पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. चार वर्षं रविवारची झोप सोडायची, उन्हातान्हात ट्रॅकच्या कडेला उकिडवं बसून लोकांच्या लेकरांचे फोटो काढायचे, घरी येऊन रात्री बारापर्यंत ते निवडत बसायचं, आणि मग एक दिवस १४० लोकांसमोर असा प्रश्न यावा अन् त्यातल्या एकानंही तोंड उघडू नये, हे दुखणारच. मलाही दुखलं असतं. सरांनी तुम्हाला बाजूला घेऊन नीट बोलायला पाहिजे होतं. नुसतं कॅमेरा आणू नका म्हणून मोकळं होणं बरोबर नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर पण म्हणेन.

पण त्या बाईंचा मेसेज पुन्हा एकदा वाचा. "कोणाला विचारून टाकता?" यात तुम्ही कसे माणूस आहात याबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या कानाला ते ऐकू आलं कारण आपण वर्तमानपत्रात काय काय वाचतो अन् आपल्यालाही तसंच समजतील ही भीती प्रत्येक भल्या माणसाच्या पोटात असते. बाईंनी विचारलं ते एवढंच की विचारलं होतं का. तर तुम्ही नव्हतं विचारलं, क्लबनीही नव्हतं. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून सगळे गप्प बसले, असं मला वाटतं.

आता माझी एक गोष्ट सांगते. ही मी फार कमी लोकांना सांगितलीय.

मी बरीच वर्षं शाळेत पीटीची बाई होते. वीसेक वर्षं झाली असतील, आमच्या शाळेची एक तेरा वर्षांची पोरगी ४०० मीटरमध्ये आंतरशालेय स्पर्धेत पहिली आली. काय धावायची सांगू, शेवटच्या शंभर मीटरला बाकीच्या मुली हातपाय फेकायला लागायच्या आणि हिचे खांदे तसेच सैल. पेपरवाल्यांनी फोटो मागितला. मी फोटोच्या मागे निळ्या पेनानी स्वतःच्या हातानी लिहून दिलं, नाव, आडनाव, वर्ग, शाळा, आणि मला फार कौतुक होतं म्हणून वरून हेही लिहिलं की रोज सकाळी सहाला अमुक मैदानावर सराव करते. छापून आलं, जसंच्या तसं. चौथ्या दिवशी मैदानाच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस उभा होता, हातात घडी घातलेला पेपर. त्यानी काही केलं नाही, कोणाला हात लावला नाही, काही बोलला पण नाही. तीन दिवस नुसता उभा राहिला. मग पोरीची आई आली माझ्याकडे, तिचे हात थरथरत होते. तेव्हा मला कळलं की मायलेकी दुसऱ्या जिल्ह्यातून पळून मामाकडे आल्या होत्या, कोर्टात केस सुरू होती, आणि त्या कुठे आहेत हे बापाला माहीत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई सोडून शाळेत कोणालाच सांगितलं नव्हतं, अन् का सांगावं? महिन्याभरात त्या नागपूर सोडून गेल्या. ती पोरगी पुढे धावली की नाही मला माहीत नाही.

मी वाईट बाई नव्हते भाऊ. तुमच्यासारखंच मलाही वाटलं होतं की पोरीला बरं वाटेल.

म्हणून त्या आईला "का नाही पाहिजे फोटो?" असं विचारायला जाऊ नका, आणि ग्रुपवर कोणी तिला आडून आडून विचारत असेल तर त्यालाही थांबवा. घरात काय चाललंय, ताब्याचा वाद आहे का, दत्तक मूल आहे का, पोरीला आधी कोणी त्रास दिलाय का, सासरचे लोक हाफ पँट बघून बोलतात का, का पोरीलाच नको आहे, यातलं काहीही असू शकतं अन् काही नसलं तरी नको म्हणायला तेवढं पुरे आहे. कारण सांगायची जबाबदारी तिच्यावर नाही.

दुसरं, जे तुम्हाला कडू लागेल. लेकरांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, विश्वासातला असतो, दरवर्षी एनसीआरबीचे, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, आकडे हेच सांगतात. तो क्लबमध्ये मदत करतो, पोरांना गाडीवर घरी सोडतो, सगळ्यांना आवडतो. मग "हा आपला माणूस आहे" या भरवशावर नियम कसा ठेवणार? नियम सगळ्यांसाठी, आणि चांगल्या माणसानी तो सगळ्यात आधी पाळायचा, म्हणजे उद्या जो कोणी पाळायला कटकट करेल तो उठून दिसेल. तुम्ही क्लबमध्ये हे काम करू शकता. तुमच्याएवढं कोणीच करू शकत नाही, कारण कॅमेरा तुमच्या हातात आहे.

आता नेमकं चुकतं कुठे ते बघू. मैदानावर स्पर्धेचे फोटो काढणं हा काही गुन्हा नाही. गडबड होते ती फोटोसोबत काय काय जातं आणि तो कोणापर्यंत पोचतो तिथे. तुमचाच एखादा फोटो घ्या. पोरगी फिनिश लाईनवर आहे, छातीवर नंबर आहे, समजा २१४. त्याच दिवशी आयोजकांनी रिझल्टची पीडीएफ सगळ्या ग्रुपमध्ये टाकलेली असते, त्यात २१४ समोर पूर्ण नाव, शाळा, अन् वयोगट असतात म्हणून बऱ्याचदा जन्मतारीख. तुम्ही खाली क्लबचं नाव लिहिलं. क्लबच्या पेजवर प्रॅक्टिसची वेळ आहे, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ती पहाटे साडेपाचची असते कारण आठनंतर ऊन उभं राहू देत नाही. झालं की नाही सगळं? चेहरा, नाव, शाळा, वाढदिवस, जागा अन् वेळ. आता कोणी अनोळखी माणूस त्या पोरीला इन्स्टाग्रामवर लिहू शकतो, "अगं मी तुझ्या सरांच्या ओळखीचा, काय मस्त धावलीस त्या दिवशी, तुझे अजून फोटो आहेत माझ्याकडे." अकरा वर्षांची पोरगी विश्वास ठेवते. का नाही ठेवणार, त्याला तर सगळं माहीत आहे.

इंग्लंडमध्ये एनएसपीसीसी म्हणून मुलांसाठी काम करणारी जुनी संस्था आहे, २००१ पासून त्यांचा खेळातल्या मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळा विभागच आहे. तिकडच्या क्लबांमध्ये एक साधा नियम चालतो, मला तो फार आवडतो कारण लक्षात राहतो. फोटो असेल तर नाव नाही, नाव असेल तर फोटो नाही. तुम्ही "आमच्या १२ वर्षांखालच्या मुलींनी रिलेत सोनं आणलं" एवढंच लिहा ना. ज्यांना आनंद व्हायचाय त्या घरांना माहीतच आहे कोण पोरगी आहे ती.

ग्रुपचंही बघा. १४० लोक कोण आहेत एकदा वर जाऊन मोजा. माझ्या ओळखीच्या एका क्लबनी असं मोजलं तेव्हा त्यात दोन वर्षांपूर्वी क्लब सोडलेल्या मुलांचे पालक निघाले, बूट आणि किट विकणारा निघाला, बसवाला निघाला, आणि भांडण होऊन गेलेला एक जुना असिस्टंट कोच पण निघाला. ते सगळे वाईट लोक आहेत असं मी म्हणत नाही, पण तुमच्या लेकराचे फोटो त्यांनी रोज का बघायचे? फोटोंसाठी वेगळा ग्रुप करा, सध्याच्या मुलांचे आई-वडील फक्त, टाकायची परवानगी दोन ॲडमिनला, आणि दर जूनमध्ये यादी साफ. गूगल ड्राईव्हवर अल्बम ठेवत असाल तर "लिंक असलेला कोणीही" ही सेटिंग बंद करून ज्यांना द्यायचा त्यांचे ईमेल टाका, हे थोडं किचकट आहे पण एकदाच करायचं असतं. फेसबुक पेज तर चौकातल्या होर्डिंगसारखं असतं, तिथे ठेवायचेच तर ज्यांनी लेखी हो म्हटलंय त्यांचेच, तेही स्पर्धा संपून लोक घरी गेल्यावर, लोकेशन न टाकता. मैदानावरून लाईव्ह तर अजिबात नको.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण तुमची मुलगी जे बोलली ते इथेच येतं. लाँग जंपला तुम्ही बर्स्ट लावत असाल, एका उडीचे आठ-दहा फ्रेम. पहिल्या दोनमध्ये पोरगी बोर्डवर, शेवटच्या दोनमध्ये वाळूत, आणि मधल्या तीन-चार फ्रेममध्ये टी-शर्ट वर गेलेला, पाय फाकलेले, शॉर्ट्स सरकलेली. डोळ्यांना हे उडी मारताना दिसतच नाही एवढं ते पटकन होतं, कॅमेरा मात्र ते पकडून ठेवतो. तुम्हाला त्यात उडी दिसते कारण तुम्ही बाप आहात आणि खेळ बघता. दुसरा कोणी तेवढाच तुकडा कापून ठेवतो. पंचवीस मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण साईझमध्ये टाकला तर कापायला भरपूर जागा असते. म्हणून ते मधले फ्रेम मैदानावरच उडवा, घरी नेऊ नका. टाकायचे फोटो लहान करून टाका, लांब बाजू १२०० पिक्सेलच्या आसपास, मोबाईलवर बघायला एवढं पुष्कळ झालं.

आणि जागा बदला भाऊ. स्टार्टला ब्लॉकमध्ये वाकलेल्या पोरींच्या मागे कॅमेरा घेऊन उभं राहायचं नाही, हे तुम्ही करत नसालच पण क्लबमध्ये लिहून ठेवा. समोर या, गुडघ्यावर बसा, चेहरा अन् हात येऊ द्या. स्ट्रेचिंगचे फोटो काढूच नका, त्याचं काही कामच नसतं. कपडे बदलायच्या तंबूच्या, टॉयलेटच्या, फिजिओच्या टेबलाच्या बाजूला कॅमेरा अन् मोबाईल दोन्ही बंद. पोहणं आणि जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी तर जास्तच जपायचं, पाण्यातला फोटो नाहीतर खांद्याच्या वरचा, आणि बक्षीस घेताना ट्रॅकसूट घालून. कोणी पडलं, रडतंय, उलटी करतंय, तो फोटो भावनिक येतो मला माहीत आहे, तरी नका काढू. लेकराला एकटं बाजूला नेऊन "पोज दे" असं तर कधीच नाही, घरी बोलावून फोटोसेशन नाही, आणि पोरांनी फोटो मागितला तर त्यांच्या नंबरवर न पाठवता आई-बाबांच्या नंबरवर.

सर रील टाकत असतील तर त्यांच्याशी पण बोला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचं वॉर्मअप, वर एखादं चालू गाणं, हे मी आपल्या नागपुरातल्या पेजवर बघितलंय अन् खालच्या कमेंट वाचून मला घाम फुटला. सरांना म्हणा, रीलमध्ये तुम्ही ड्रिल समजावून सांगा, पोरांचे बूट, हर्डल, स्टॉपवॉच दाखवा, कमेंट बंद ठेवा. ॲडमिशन तशाही येतात.

संमतीचा फॉर्म एका पानाचा मराठीत करा, ॲडमिशनच्या वेळीच. एकच "हो/नाही" नको, चार वेगवेगळे रकाने करा, फोटो काढायला, पालकांच्या ग्रुपवर टाकायला, पब्लिक पेजवर, पेपर अन् बॅनरसाठी. बऱ्याच आया पहिल्या दोनला हो म्हणतील आणि शेवटच्या दोनला नाही, आणि त्या अगदी बरोबर असतील. खाली लिहा की कधीही परत घेता येईल. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदासुद्धा १८ च्या आतल्यांना मूलच धरतो आणि त्यांची माहिती वापरायला आई-वडिलांची खात्रीची संमती मागतो. सही आई-वडिलांची असली तरी पोराला पण विचारा. आठ वर्षांचं लेकरू पण नाही म्हणू शकतं, आणि मैदानावर ऐन वेळी तोंड फिरवलं तर तेही नाहीच.

ज्यांचं उत्तर "नाही" आहे त्या पोरांना दंडाला लाल फीत-बित बांधू नका हं, मी एका स्पर्धेत हे बघितलं, पोरगा दिवसभर हात मागे लपवून फिरत होता. यादी तुमच्या खिशात ठेवा. आणि ग्रुप फोटोच्या वेळी "बेटा तू जरा बाजूला हो" हे दर वेळी एकाच लेकराला ऐकावं लागलं तर त्याच्या मनाचं काय होईल? एक करून बघा. सगळ्यांना हातात हात घेऊन मैदानाकडे तोंड करून उभं करा आणि मागून काढा, ढगळ टी-शर्ट, क्लबचं नाव, वर केलेले हात. संध्याकाळच्या उन्हात हा फोटो इतका सुंदर येतो की बाकीचे लोक तोच लावतात, आणि त्यात सगळे असतात.

जुने फोटो कुठे कुठे आहेत तेही शोधा. पेज, ग्रुप, लॅपटॉप, हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, क्लाऊड आणि क्लाऊडचा कचऱ्याचा डबा. व्हॉट्सॲपवर "सगळ्यांसाठी डिलीट" अडीच दिवसांच्या आसपासच चालतं, त्यानंतर लोकांना विनंतीच करावी लागते. हार्ड डिस्कला पासवर्ड घाला, एक सीझन झाला की घरोघरी त्यांचे त्यांचे फोटो देऊन बाकी पुसा. आणि जुना मोबाईल बर्डीवर विकायला नेताना नीट रिसेट करून न्या, कितीतरी लेकरं त्या फोनमध्ये बसलेली असतात.

मैदानाच्या भिंतीला टेकून कोणी अनोळखी माणूस पोरींचे व्हिडिओ काढताना दिसला तर दोघंजण जा, एकटं नाही, अन् सरळ विचारा, "दादा, कोणाचे पालक तुम्ही?" बहुतेकदा कोणाचा तरी काकाच निघतो. पटलं नाही तर आयोजकांना सांगा, गाडीचा नंबर टिपा, ११२ ला फोन करा. त्याला मारू नका, फोन हिसकू नका, अन् "हा बघा सावध राहा" म्हणून त्याचा फोटो ग्रुपवर फिरवू नका, चुकीचा माणूस निघाला तर त्याचं आयुष्य जातं. मोठ्या स्पर्धेत फोटो काढणाऱ्यांची नावं टेबलावर नोंदवून गळ्यात कार्ड द्या, म्हणजे कार्ड नाही त्याला विचारायला कोणालाच संकोच वाटणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण सरांना हे माहीत पाहिजे. पॉक्सो, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा, १८ च्या आतल्या मुलामुली दोघांनाही लागू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लेकराचा साधा फोटो घेऊन कॉम्प्युटरवर त्याचं अश्लील काही बनवलं तरी ते त्यात येतं, आणि आता एआयच्या ॲपमुळे हे करायला अक्कल पण लागत नाही, म्हणून तर एवढं सांगून राहिले. क्लबमध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपसात मिटवता येत नाही, संस्थेच्या प्रमुखानी आपल्या हाताखालच्याचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. कोणाच्या लेकराचा घाण फोटो ग्रुपवर आला तर "बघा काय चाललंय" म्हणून पुढे पाठवायचा नाही, पाठवणाराच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब खाली अडकतो. कोणी पाठवला, कधी, कोणत्या नंबरवरून, हे लिहून ठेवा आणि १९३० ला नाहीतर नॅशनल सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा, मुलांच्या बाबतीत तिथे नाव न सांगताही करता येते. १०९८ चाईल्ड हेल्पलाईन चोवीस तास. आणि असा फोटो आधीच पसरला असेल तर टेक इट डाऊन म्हणून एक फुकट सेवा आहे, त्यात फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा डिजिटल ठसा जातो आणि फेसबुक-इन्स्टासारख्या कंपन्या त्यावरून तो अडवतात.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, मग कॅमेरा विकूनच टाकतो. नका विकू. जुलै २०२५ मध्ये आपली दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून आली तेव्हा विमानतळावर पोरं खांद्यावर बसवून लोक उभे होते, प्रत्येकाला वाटत होतं आपल्या लेकराचा पण एक दिवस असा फोटो यावा. मानकापूरच्या संकुलात मी पोरींना फिनिश लाईनचा स्वतःचा फोटो बघताना बघितलंय, त्या झूम करून स्वतःचा चेहरा बघतात अन् म्हणतात, "मी अशी दिसते धावताना?" स्वतःला ताकदवान बघायची सवय आपल्या पोरींना नाही. ती तुमच्यासारख्यांच्या फोटोतून लागते.

आता त्या आईला मेसेज करा. ग्रुपवर नाही, एकटीला, अन् सरांना सांगून. असं लिहा: "ताई, तुमचं बरोबर आहे, मी विचारायला पाहिजे होतं, चुकलं माझं. तुमच्या मुलीचे पेजवरचे आणि ग्रुपवरचे माझ्याकडून जेवढे निघतात तेवढे काढले, माझ्या लॅपटॉपमधले पण पुसले. कुठे राहिला असेल तर सांगा, लगेच काढतो. यापुढे क्लबमध्ये संमती घेऊनच फोटो निघतील." तुम्ही कसे चांगले आहात, किती खर्च केला, किती वर्षं केलं, यातलं काही लिहू नका. उत्तर नाही आलं तरी दुसरा मेसेज करू नका.

आणि तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ. ती तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मला तीच महत्त्वाची वाटली. तुमच्या अकरा वर्षांच्या लेकीनी तुम्हाला तो फोटो काढून टाका म्हटलं, आणि तुम्ही काढला की नाही ते मला लिहिलं नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडा, चार वर्षांतले तिचे सगळे फोटो समोर ठेवा, माऊस तिच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूच्या खुर्चीवर बसा. ती एखादा तुमच्या आवडीचा फोटो उडवेल, "का गं?" असं विचारू नका. छोट्याचा नंबर उद्या.